फेटेवाल्या जाहिरातीवरची पीएचडी

पीएचडी करायचं मी ठरवलं तेव्हा माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांबद्दल बोलायला लागल्या होत्या. मी चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचे आणि राहायचे अमडापूरला, सासरी. घरची शेती, शेतात कापूस. मुलगी शिकायला पुण्याला गेली, आणि मग संध्याकाळी घरात मी, नवरा आणि सासूबाई अशी तीनच माणसं उरली. टीव्ही मात्र पहिल्यासारखाच बोलत राहिला. माझा विषय तिथेच सापडला.

मे महिना लागला की बातम्यांच्या मधेमधे कापसाच्या बियाण्याच्या जाहिराती सुरू व्हायच्या. बीटीच्या थैल्या तेव्हा इतक्या नावांच्या निघाल्या होत्या की बियाण्याच्या दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरायचं. त्यातल्या एका जाहिरातीत एक मिशीवाला शेतकरी बोंड हवेत उडवायचा. बोंड वरच्या वर फुटायचं, त्याचा पांढराशुभ्र फेटा व्हायचा आणि तो अलगद येऊन त्याच्याच डोक्यावर बसायचा. मग तो बैलाकडे वळून म्हणायचा, “बोंडं इतकी, बैल थकला!” आणि बैल खरंच मान खाली घालायचा. थैलीवर नाव इंग्रजी होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळा जिल्हा त्याला ‘फेटेवालं बियाणं’ म्हणायचा.

ही जाहिरात लागली की माझा नवरा हातातलं काम टाकून टीव्हीसमोर यायचा.

“हे बियाणं घेणार का यंदा?” मी एकदा विचारलं.

“छट! तो काय शेतकरी आहे का? नखं पाह्य त्याची. पॉलिश केल्यासारखी.”

“मग एवढं बघता काऊन?”

“बैल चांगला आहे.”

मी विचारात पडले. माणूस जाहिरात पाहतो एका कारणानं, बियाणं घेतो दुसऱ्याच कारणानं, आणि या दोन्हींच्या मधे त्याच्या डोक्यात नेमकं काय चालतं? याला माध्यम मानसशास्त्र म्हणतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून टाकला.

परीक्षेला विद्यापीठात गेले तर वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभा असलेला प्राध्यापक माझाच जुना विद्यार्थी निघाला. बारावीत खडू फेकल्याबद्दल मी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्यानं मला पाहिलं आणि सवयीनं आधी हातातला खडू लपवला. मग भानावर येऊन तो घसा खाकरत म्हणाला, “मॅडम, मोबाईल आणि पिशवी बाहेर ठेवा.” मी ठेवली. पेपर चालू असताना तो माझ्या बाकापाशी आला की दोघांनाही घाम फुटायचा. सुटल्यावर त्यानंच मला चहा पाजला आणि म्हणाला, “मॅडम, या वयात कायले त्रास करून घेता?” मी त्याला तिसऱ्यांदा बाहेर काढायच्या बेतात होते, पण ते आवार त्याचं होतं.

मी पास झाले. पुढची पायरी म्हणजे विषय मंजूर करून घेणं. त्यासाठी एका समितीपुढे उभं राहून मला काय शोधायचंय ते सांगायचं असतं. मी मन लावून सांगितलं. समितीतले एक वयस्कर सर सगळं ऐकून म्हणाले, “हे सगळं छान आहे. पण हे मानसशास्त्र आहे की पत्रकारिता?”

“दोन्ही आहे, सर.”

“दोन्ही कसं असेल? फाईल एकाच कपाटात राहते.”

हा प्रश्न सुटायला आख्खं सत्र गेलं. मानसशास्त्र विभाग आणि पत्रकारिता विभाग एकाच व्हरांड्यात समोरासमोर होते. इकडचा बाबू म्हणायचा, विषयात ‘माध्यम’ आहे, तिकडे न्या. तिकडचा बाबू म्हणायचा, विषयात ‘मानस’ आहे, तिकडेच ठेवा. दोघे एकमेकांना खिडकीतून दिसत होते, दुपारी एकाच डब्यातून जेवत होते, पण माझ्या फाईलबद्दल एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं ते माझ्यामार्फत. मी खामगावमार्गे एसटीनं यायचे, व्हरांडा ओलांडायचे, परत ओलांडायचे आणि एसटीनं घरी जायचे. शेवटी मानसशास्त्राच्या बाबूची बदली झाली आणि नव्या बाबूनं विषय न वाचता फाईल ठेवून घेतली. अशा रीतीनं मी मानसशास्त्राची झाले.

मला मिळालेल्या गाईड माझ्या धाकट्या नणंदेपेक्षाही लहान होत्या. हुशार, बारीक आवाजाच्या आणि अतिशय सभ्य. मी त्यांच्या खोलीत शिरले की त्या मला मोठी म्हणून उठून उभ्या राहायच्या. त्या गाईड म्हणून मी बसायचे नाही. पहिले काही महिने आमच्या सगळ्या चर्चा उभ्यानं झाल्या. मग त्यांनीच एकदा तोडगा काढला. “मॅडम, आपण दोघी एकदम बसू या का? एक, दोन, तीन.” आम्ही एकदम बसलो. तेव्हापासून संशोधनाला गती आली.

त्यांचा एकच शब्द मला छळायचा. मी लिहून नेलेल्या कुठल्याही वाक्यावर त्या पेन्सिल टेकवून विचारायच्या, “म्हणजे?” मी लिहिलं होतं, ‘आजच्या युगात जाहिरातींचा समाजावर मोठा प्रभाव आहे.’ “म्हणजे? मोठा म्हणजे केवढा? समाज म्हणजे कोण?” वीस-बावीस वर्षं मी असली वाक्यं फळ्यावर लिहून देत आले होते आणि एकाही पोरानं मला ‘म्हणजे’ विचारलं नव्हतं. घरी येऊन मी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “बरोबरच विचारून राह्यली ती पोरगी. मलेही समजत नाही तू काय बोलते ते.”

दिवाळीच्या सुट्टीत कोर्सवर्क असायचं. म्हणजे संशोधन कसं करायचं, हे शिकवणारे वर्ग. आमच्या बॅचमध्ये सगळेच संसारी. कुणी तास चालू असताना फोनवर गॅसचा नंबर लावायचं, कुणी मागच्या बाकावर सुनेला पुरणाचं प्रमाण सांगायचं. माझ्या शेजारी बसायचे एक ठाणेदार. निवृत्तीला आलेले, गलेलठ्ठ, आणि मनानं अगदी लोणी. त्यांचा विषय होता, मोबाईलवरच्या अफवांवर लोक विश्वास का ठेवतात. माहिती गोळा करायला ते स्वतः गावोगाव जायचे, वेळ वाचावा म्हणून गणवेशातच. त्यांच्या प्रश्नावलीत ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पर्याय होते. सगळी उत्तरं आली, ‘पूर्णपणे सहमत’. त्यांनी मुद्दाम उलटसुलट प्रश्नही घातले होते. ‘मी अफवांवर विश्वास ठेवतो’, पूर्णपणे सहमत. ‘मी अफवांवर अजिबात विश्वास ठेवत नाही’, पूर्णपणे सहमत.

“काय करावं, मॅडम?” ते रडवेले होऊन म्हणाले. “मी एवढं गोड बोललो लोकांशी.”

“साध्या कपड्यात जाऊन पाहा की.”

ते साध्या कपड्यात गेले. गावात बातमी पसरली की ठाणेदार साध्या कपड्यात फिरून राह्यले, कायतरी मोठं प्रकरण आहे. लोकांनी दारं लावून घेतली. ही अफवा कशी पसरली, यावर मग त्यांनी आपला सगळ्यात चांगला धडा लिहिला.

त्यांची फजिती पाहून मी शहाणी झाले होते, निदान मला तसं वाटत होतं. माझी प्रश्नावली मी आधी नवऱ्यावर करून पाहिली. ‘जाहिरातीतील व्यक्ती मला विश्वासार्ह वाटते’ या वाक्यावर आमचं चांगलंच वाजलं.

“विश्वासार्ह म्हंजे?” त्यानंही ‘म्हणजे’ सुरू केलं.

“म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो का?”

“कशासाठी? बियाण्यासाठी, का पोरगी देण्यासाठी?”

“बियाण्यासाठी!”

“मग असं लिही ना. आणि हे ‘सहमत-असहमत’ कोन बोलतं आपल्या इथं?”

हे मात्र त्याचं खरं होतं. मी पर्याय बदलले. एकदम हाव, हाव, पाहू, नाही, अजिबात नाही. गाईडनं पेन्सिल ‘पाहू’वर टेकवली. “म्हणजे?” मी सांगितलं, आमच्याकडे याचा अर्थ कधी होकार असतो, कधी नकार असतो आणि कधी समोरच्यानं आता उठावं असा असतो. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्यांचं खरं म्हणणं वेगळंच होतं. “मॅडम, जाहिरात पाहिलेले शेतकरी तुमच्याकडे आहेत. पण जाहिरातीचा परिणाम मोजायचा तर ती न पाहिलेलेही हवेत. दोन्हींची तुलना केली तरच कळेल.”

मी म्हटलं, “सोपं आहे.”

त्या उन्हाळ्यात मी स्कूटी घेऊन जिल्हाभर एक माणूस शोधत होते, ज्यानं फेटेवाली जाहिरात पाहिलेली नाही. अमडापुरात तर प्रश्नच नव्हता. माझं माहेर सुलतानपूरचं. भावानं फोनवर छातीठोक सांगितलं, “आपल्या शेताकडच्या वस्तीवर ये. तिथं कोणाकडंच टीव्ही नाही.” मी गेले. माणसं गोळा केली, सतरंजीवर बसवली, पहिला प्रश्न विचारला, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “बोंडं इतकी, बैल थकला!” कंपनीची जाहिरात दाखवणारी पडद्याची जीप आदल्याच आठवड्यात वस्तीवर येऊन गेली होती. वर त्यांना टोप्याही वाटून गेली होती. अर्ध्या लोकांनी त्या घातलेल्याच होत्या, फक्त माझं लक्ष नव्हतं.

मग कुणीतरी देऊळघाटच्या चाचांचं नाव सांगितलं. चाचांची थोडी शेती होती, कापसाची, आणि घरी गाद्या भरायचं काम. टीव्ही नव्हता, मोबाईल होता तो नुसता बोलायचा. मी भर दुपारी पोहोचले. चाचा ओसरीवर कापूस पिंजत होते, दाढीत कापसाचे तंतू अडकले होते. चाची आतून पाणी घेऊन आल्या.

“चाचा, तुम्ही फेटेवाली जाहिरात पाहिली का?”

“कोनती?”

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. “टीव्हीवरची. त्यात एक माणूस बोंड उडवतो.”

“काऊन उडवतो?”

“ते सोडा. पाहिली नाही ना?”

“नाही बाई. आपल्याले काही मालूम नाही.”

मी त्यांना जवळजवळ मिठीच मारणार होते. त्यांच्याच ओळखीनं आजूबाजूच्या मळ्यांमध्ये, विहिरीवरच्या झोपड्यांमध्ये, टीव्ही नसलेले आणखी काही जण सापडले. हिंदू होते, मुसलमान होते, सगळे कापूसवाले आणि सगळे कोरे. प्रत्येकाला मी पूर्ण प्रश्नावली विचारली. त्या बोंडाचा फेटा होतो हे ठाऊक आहे का? त्या माणसाच्या मिशा पाहून काय वाटतं? बैल थकतो ते पटतं का? प्रत्येकानं सगळ्याला ‘नाही’ किंवा ‘पाहू’ म्हटलं. मी कागद छातीशी धरून घरी आले. गाईडना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा ‘म्हणजे?’ न विचारता ‘वा!’ म्हटलं.

पेरण्या झाल्या. आता मला दोन्ही गटांकडे परत जाऊन एकच विचारायचं होतं, कोणतं बियाणं लावलं?

आधी जाहिरात पाहिलेल्यांकडे गेले. फेटेवालं फारच थोड्यांनी घेतलं होतं. बाकीचे त्या जाहिरातीला कंटाळले होते. एक जण म्हणाला, “दिवसभर तेच ते. बियाण्यात दम असता तर एवढं कायले ओरडले असते?” माझ्या अंदाजात हे नीट बसलं. मग मी देऊळघाटला गेले.

चाचांनी फेटेवालं लावलं होतं. शेजारच्या मळ्यातल्या पाटलांनी फेटेवालं लावलं होतं. विहिरीवरच्या झोपडीतल्या मावशींनीही तेच. ज्यांनी जाहिरात पाहिली नव्हती, त्या जवळपास सगळ्यांनी जाहिरातीतलं बियाणं घेतलं होतं.

“चाचा,” मी खालीच बसले, “हे कसं काय?”

“कसं म्हंजे? तुमीच तर सांगितलं ना.”

“मी? मी फक्त विचारलं!”

“बाई,” चाचा मला समजावणीच्या सुरात म्हणाले, “कॉलेजातल्या एवढ्या शिकलेल्या मॅडम, एवढ्या उन्हात, चिखलीवरून, स्कूटीवर, पेट्रोल जाळून येतात. अन एकाच थैलीबद्दल विचारतात. दुसऱ्या कोनत्या थैलीचं नावबी घेत नाही. तर मानसानं काय समजावं?”

चाची आतून म्हणाल्या, “अन ते बोंड काऊन उडवते ते तुमी सांगितलंच नाही. मग ह्यायले राहावलं नाही. नातवाच्या मोबाईलवर पाहूनच आले.”

“पाहिली?”

“लय वेळा पाहिली,” चाचा लाजून म्हणाले. “बैल चांगला आहे.”

मी घरी परतले तेव्हा माझा चेहरा पाहून नवऱ्यानं आधी चहा केला, मग विचारलं. मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की बाजेवरून घसरला. सासूबाई त्याला रागावल्या आणि मग त्याही पदर तोंडाला लावून वळल्या. त्यात भर म्हणून चार दिवसांनी अमडापूरच्या बाजारात बियाण्याच्या दुकानदारानं मला हाक मारली. “मॅडम, तुमी आमच्या गावात आणखी विचारपूस करा ना. तिकडं देऊळघाटच्या दुकानात माल संपला म्हंतात.”

मी गाईडपुढे जाऊन बसले. एक-दोन-तीन म्हणायचंही मला सुचलं नाही. “मॅडम, माझं संशोधन बुडालं. माझ्या आकड्यांवरून असं सिद्ध होतंय की जाहिरातीचा सगळ्यात जास्त परिणाम ती न पाहणाऱ्यांवर होतो.”

त्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या सभ्य बाईला हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मॅडम, बुडालं नाही. हाच तर निष्कर्ष आहे. जाहिरात तुम्ही केली. त्या मिशीवाल्यापेक्षा तुम्ही भारी पडलात. आता हेच लिहा, जसं झालं तसं. विचारणाऱ्या माणसाचा विचारण्यानं काय परिणाम होतो, ते.”

“म्हणजे?” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी त्यांना म्हटला, आणि फार बरं वाटलं.

विषयाचं नाव थोडं बदलावं लागलं. म्हणजे पुन्हा समिती आणि पुन्हा तो व्हरांडा. पण आता मी सरावले होते, दोन्ही बाबूंसाठी घरून चिवडा न्यायचे. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल वाचून दाखवावा लागायचा. त्यात ठाणेदार आपली अफवा सांगायचे, मी माझी थैली सांगायचे, आणि आमचं ऐकायला दुसऱ्या विभागांतली पोरंही यायला लागली.

पण त्या वर्षीचा हिवाळा हसण्यासारखा नव्हता. गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं दिसायचं, आणि फोडलं की आत कापूस नासलेला अन अळी वळवळत असलेली. बीटीला अळी लागत नाही, असं सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं. आमच्या शेतातही तेच, आणि आमचं बियाणं फेटेवालं नव्हतं. नवरा सकाळी शेतात जायचा आणि लवकर परत यायचा. जाहिराती लागल्या तरी आता तो टीव्हीकडे पाहायचा नाही.

मला देऊळघाटला जायचा धीर होत नव्हता. माझ्या विचारण्यामुळे त्या लोकांनी ते बियाणं घेतलं होतं. गाईड म्हणाल्या, “जा. शेवटची भेट लिहायलाच हवी.” मी गेले. विहिरीवरच्या मावशी उभ्या पिकात गुरं सोडून बांधावर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “मॅडम, यंदा काही इचारू नका. तुमी इचारलं की मले घ्यावंसं वाटते.” मग आम्ही दोघी हसलो, आणि मग हसू एकदम थांबलं. मी कागद पिशवीतून काढलेच नाहीत. त्यांच्याबरोबर बसून राहिले. गुरं खात होती, ते पाहत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, “पुढच्या साली सोयाबीन टाकावं का?” मी दोन्ही हात जोडले आणि म्हटलं, “मावशी, मी काहीच सांगणार नाही.”

तो दिवस मी प्रबंधात लिहिला, तेव्हा गाईडनं त्या पानावर कुठेच पेन्सिल टेकवली नाही.

प्रबंध दिला. तो बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो आणि त्यांनी हो म्हटलं की शेवटी तोंडी परीक्षा होते, सगळ्यांसमोर. कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. गाईड म्हणाल्या, “थोडे श्रोते आणा. रिकामं सभागृह बरं दिसत नाही.” मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं भाड्यानं एक मोठी गाडी केली आणि ती भरली. सासूबाई, सुलतानपूरचा भाऊ, अमडापूरचा बियाणेवाला, विहिरीवरच्या मावशी, चाचा आणि चाची. ठाणेदार आपल्या गाडीनं आले, नेमके गणवेशात. त्यांना पाहून बाबू लोक आपापल्या खुर्च्यांत ताठ झाले.

त्यातले एक परीक्षक तोंडीला आले, दुसऱ्या विद्यापीठातले, चष्म्याच्या वरून पाहणारे. तासभर त्यांनी मला पिळून काढलं. मग त्यांनी प्रबंध मिटला. “बाई, तुमच्या प्रश्नांमुळेच लोकांनी बियाणं घेतलं, असं तुम्ही स्वतः लिहिता. पुढे त्यांचं पीक गेलं. संशोधक म्हणून याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे?”

माझ्याकडे उत्तर होतं, पाठही केलं होतं. पण मावशी समोर बसल्या होत्या आणि ते तोंडातून निघेना. तेवढ्यात मागून चाचा उठले. “साहेब, मी बोलू का? मी न पाहणाऱ्यातला आहे.”

परीक्षकांनी मान हलवली.

“पीक तर सगळ्यायचंच गेलं. ज्यानं पाह्यली त्याचंबी, नाही पाह्यली त्याचंबी. या बाई सालभर येत होत्या. विचारायच्या, बसायच्या, चहा प्यायच्या. पीक गेल्यावर विचारायले दुसरं कोनी आलं नाही, या आल्या. बस, एवढंच.” मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं. “पन या सवाल लय विचारतात. ते कमी करा म्हना.”

सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी जरा संकोचून विचारलं, “ती जाहिरात आहे का कुणाकडे? मी फक्त वर्णन वाचलंय.” बियाणेवाल्यानं लगेच मोबाईल पुढे केला. सगळी समिती त्या एवढ्याशा पडद्यावर डोकी टेकवून वाकली. “हं,” विषयाच्या समितीतले ते वयस्कर सर म्हणाले, “बोंड वर का उडवतो तो?” हे मात्र सांगायला कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी आम्हाला बाहेर काढलं, परत बोलावलं, आणि परीक्षक उभे राहून म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.”

नवऱ्यानं टाळ्या सुरू केल्या. सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, “माही सून आहे. घरी असं कधी बोलत नाही.” गाईडनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं, पण सगळेच उभे असल्यानं बसायचं की नाही ते कळेना. मग त्यांनी वाकून माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी त्यांच्या पडायचा केला, आणि आमची डोकी आपटली.

परतताना खामगावला आम्ही सगळ्यांनी कचोरी खाल्ली आणि गाडी बोथ्याच्या घाटानं बुलडाण्याकडे निघाली, आधी देऊळघाटच्या मंडळींना सोडायला. घाटात दोन्ही बाजूंनी सागाची झाडं, उन्हं उतरलेली. मागच्या सीटवर चाचा आणि माझा नवरा सोयाबीन की तूर यावर हुज्जत घालत होते. मावशी मधेच म्हणायच्या, “पाहू.” चाची माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या.

देऊळघाटला गाडी थांबली तशा त्या जाग्या झाल्या. उतरताना त्यांनी माझा हात धरला. “बाई, आता संपलं ना शिकनं?”

“संपलं, चाची.”

“मग आता काम नसलं तरी येत जाय. गादी भरून ठेवतो तुह्यासाठी, नव्या कापसाची. यंदाचा जो हाती लागला तो.”

त्यांनी मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं. मी हो म्हटलं. चाचांनी घरात जाऊन कंदिलासारखा मिणमिणता दिवा लावला, मावशी आपल्या वाटेनं विहिरीकडे चालू लागल्या, आणि नवरा गाडीतून ओरडला, “चाल वो डॉक्टर, म्हशीचं दूध काढायचं राह्यलं ना!”